तारानूकचा एकोणिसावा

कूमाजवळचा कॅम्प,
ता. २ ऑगस्ट १९५९

ती. मर्लताईस धाकट्या अल्बीचा सा. न. वि. वि.

तीन महिन्यांत पत्र नाही म्हणून ज्या शिव्या साठल्या असतील त्या आधी देऊन घे, म्हणजे पुढचं शांत डोक्यानं वाचशील. मी ठणठणीत आहे. धरणाच्या बोगद्यात थंडी हाडांत शिरते, पण जेवण बरं आहे, आणि आजचं पत्र त्या जेवणावरूनच आहे.

आमच्या खानावळीत वेल्टा नावाची एक बाई आहे. लात्वियाची. युद्धानंतर जहाजानं इकडे आली. पाळी संपून माणसं वर आली की ती दारात उभी राहून डोकी मोजते आणि तेवढ्याच ताटल्या मांडते. पहिल्याच आठवड्यात मी टोपी बदलून दुसऱ्यांदा रांगेत शिरलो, तर तिनं सगळ्यांदेखत मला बाजूला काढलं आणि तुमची मोजणी झाली आहे, असं सांगितलं. माणसं आजही त्यावरून मला चिडवतात. ताई, मी तिच्याशी लग्न करणार आहे.

बाबांचं घर तुझ्या कुरणाच्या टोकाला रिकामं पडलंय. त्यात तू लोकरीची पोती ठेवतेस हे मला ठाऊक आहे. इथलं काम संपलं की मला परत यायचंय, तिला घेऊन, त्याच घरात. पण जिथे माझ्या बायकोला रोज टोमणे ऐकावे लागतील तिथे मी येणार नाही. तिचा भाऊ कॅनडात लाकडाच्या गिरणीत आहे, तो आम्हाला बोलावतोय. तिकडे गेलो तर परत येणं व्हायचं नाही, हे तुला सांगायला नको.

म्हणून तिला महिना-दीड महिना तुझ्याकडे पाठवतो. तू तिला बघ, तिला तुम्हाला बघू दे, आणि मग हो की नाही ते सरळ लिही. पर्कभावजींना नमस्कार. आपला संघ यंदा काय करतोय? इथे लोक दुसराच फुटबॉल खेळतात, एकमेकांच्या बगलेत डोकी खुपसून ढकलाढकली. बघवत नाही.

तुझा लोभ असाच राहो, जिभेची धार मात्र थोडी कमी कर.

तुझा
अल्बी

तारानूक,
ता. ९ ऑगस्ट १९५९

चि. अल्बीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं तू थट्टा करतोयस. या गावात लग्नाच्या पोरी काय कमी होत्या? ती डॉरीन तुझ्यासाठी चार वर्षं थांबली, शेवटी कंटाळून बँकेतल्या त्या चष्मेवाल्याशी लग्न करून मोकळी झाली. आणि तुला सापडली कोण, तर दारात उभी राहून माणसाचा घास मोजणारी! आईनं कधी आपलं ताट मोजलं होतं का रे?

परदेशी माणसांशी माझं काही वाकडं नाही. ती आपापल्या देशात असली की मला फार आवडतात. इथे आली की आल्या दिवसापासून आपल्याला शहाणपण शिकवायला लागतात. गेल्या वर्षी तो डच माणूस आला होता, त्यानं आमच्या ह्यांना कुंपण कसं घालायचं ते सांगितलं. आमच्या ह्यांना कुंपण घालता येत नाही ही गोष्ट वेगळी, पण ते मी सांगायचं, त्यानं नव्हे.

कॅनडाची धमकी मला देऊ नकोस. तुला नाक पुसायला मी शिकवलंय. पण एक लपवत नाही. बाबा गेल्यापासून माझं म्हणावं असं माणूस तू एकच आहेस. हे आहेत, पण ते घरात असले काय आणि नसले काय, सारखंच.

पाठव तिला. बघते. सरळ लिही म्हणालास, तर मला वाकडं लिहिता येत नाही, हे तुला माहीत आहे.

आमचे हे यंदा संघाचे प्रशिक्षक आहेत, दुसरं कुणी उभंच राहिलं नाही म्हणून. तरीही संघ जिंकतोय. याचा अर्थ प्रशिक्षकाची गरज नसते, असा मी काढलाय.

थंडीत छाती जप.

तुझी ताई,
मर्ल

तारानूक,
ता. २३ ऑगस्ट १९५९

चि. अल्बीस अनेक आशीर्वाद.

तुझं रत्न येऊन पोचलं. उंच आहे, हात कामाचे आहेत, एवढं चांगलं लिहून मोकळी होते. आता बाकीचं.

पहिल्या रात्री मी मेंढीचं भाजलेलं मटण केलं होतं. तिनं ते खाल्लं, आभार मानले, आणि विचारलं की या मटणाला इतका वेळ शिजवण्याची शिक्षा का दिली. दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात तिनं काळा पाव भाजला. विटेसारखा. आमच्या ह्यांनी तीन तुकडे खाल्ले आणि वर छान म्हणाले. पंचवीस वर्षांत माझ्या हातच्या कशालाही छान म्हटलेलं मला आठवत नाही.

काल तिला सामन्याला नेलं. गाडी आपल्या नेहमीच्या जागी, पूर्वेकडच्या गोलाजवळ, नाक मैदानाकडे करून लावली. मग प्रश्न सुरू झाले. चेंडू गोल का नाही. दोन उंच खांबांमधून गेला तर सहा गुण हे समजलं, पण नेम चुकून बाजूच्या खांबातून गेला तर एक गुण का. मी म्हटलं, प्रयत्न केला म्हणून. तर तिनं मान हलवली आणि म्हणाली की म्हणजे या देशात चुकल्याचंही बक्षीस मिळतं, आता तुम्ही लोक मला समजायला लागलात. बोल आता. गोलाशी उभा असतो तो पांढऱ्या कोटातला पंच तिला खाटीक वाटला. आपल्या कप्तानानं, नगेट पॅस्कोनं, दोघांच्या खांद्यावर चढून असा झेल घेतला की म्हातारा रो रडायला लागला, आणि ही विचारते, त्या खालच्या दोघांनी याची तक्रार कुठे करायची.

लिंडसे रो आठवतो ना, रोचा धाकटा? तो यंदा आमचा एकोणिसावा आहे. घोंगडी पांघरून बाकावर बसलेला तिला दिसला. तिला सगळं फोडून सांगावं लागलं की मैदानात अठरा जण खेळतात, कुणी जायबंदी झाला की तो बाहेर येतो आणि एकोणिसावा आत जातो, आणि बाहेर आलेला पुन्हा आत जात नाही. तर म्हणाली, बिचाऱ्याला नाव नाही, नुसता आकडा आहे. आणि अख्ख्या सामन्यात ती दर थोड्या वेळानं बोट हलवत दोन्ही बाजूंची माणसं मोजत बसली होती. खेळ कळत नाही तर दुसरं काय करणार!

गोल झाला की आपण गाडीचे भोंगे वाजवतो तसा तिनंही एकदा वाजवला. समोरच्यांच्या गोलाला. अख्खं मैदान वळून बघत होतं. मी सीटखाली शिरायचीच बाकी होते.

अजून हो किंवा नाही लिहीत नाही. पण कल तुला कळलाच असेल.

मर्लताई

तारानूक,
ता. २६ ऑगस्ट १९५९

प्रिय अल्बी, तुझ्या बहिणीच्या घरातून वेल्टाचा मनापासून नमस्कार.

मी नीट पोचले. खोली थंड आहे, पांघरुणं चांगली आहेत. तुझी बहीण दिवसभर बोलते. मला सगळं समजत नाही असं तिला वाटतं, म्हणून ती माझ्याविषयी माझ्यासमोरच बोलते. मला सगळं समजतं.

तू ज्या खेळाच्या आठवणीनं हळवा होतोस तो मी बघितला. पावाच्या लांबट लादीसारखा चेंडू, तो कुठे उडेल हे त्यालाही माहीत नाही. छत्तीस मोठी माणसं, बिनबाह्यांच्या सदऱ्यात, ऑगस्टच्या थंडीत. सगळी एकाच वेळी चेंडूकडे धावतात, आणि चेंडू मिळाला की ताबडतोब लाथ मारून दूर घालवतात. मग पुन्हा त्याच्या मागे. हाच धंदा दोन तास. आमच्या गावी जत्रेत दारू प्यायल्यावर लोक असं करायचे, पण त्यांना दुसऱ्या दिवशी लाज वाटायची. इथे दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात त्यावर चर्चा होते.

तुझ्या मेहुण्यांना सगळे दडपतात. कप्तान त्यांचं ऐकत नाही, मेंढ्यांचा कुत्रासुद्धा ऐकत नाही. ते माझ्याशी चांगले वागतात, पण बहीण खोलीत आली की गप्प होतात. मला गप्प माणसं आवडतात, पण जी भीतीनं गप्प असतात ती नाही.

एक गोष्ट सांगते. काल मी तुझ्या बाबांचं घर बघून आले. खिडकीतून मैदान दिसतं. स्वयंपाकघर पूर्वेला आहे. मला तिथे राहायला आवडेल. हे तुझ्या बहिणीला सांगू नकोस. ती नाही म्हणणार आहे, आणि मला ते मागायचं नाही. माझं एक घर गेलं ते मागून परत मिळालं नाही. मी मागणं तेव्हाच सोडलं.

बोगद्यात टोपी घालत जा.

तुझी
वेल्टा

कूमाजवळचा कॅम्प,
ता. ३ सप्टेंबर १९५९

ती. मर्लताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र बोगद्यात दिव्याखाली वाचलं आणि इतका हसलो की मुकादम बघायला आला. मटणाला शिक्षा, हे तू तिच्यावर रागावून लिहिलंस, पण खरं सांग, एवढ्या वर्षांत हे तुला तोंडावर सांगणारं कुणी भेटलं होतं का?

ताई, ती मागणार नाही काही. तिचा स्वभाव तसा आहे. तू थोडं मनावर घेऊन पुढे हो. तिच्या भावानं कॅनडाच्या जहाजाची चौकशी केली आहे, महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. मला जायचं नाही. तिथे कुणाला एकोणिसावा म्हणजे काय हे माहीत नसेल, आणि मी ते म्हातारपणापर्यंत समजावत बसेन.

आपण अंतिम सामन्यात पोचलो ही बातमी बोगद्यातल्या एका पोराकडून कळली. तेही आपल्याच मैदानावर आणि शेजारच्या किलार्डाशी! बाबा गेल्यापासून आपण काही जिंकलो नाही. माझ्या वाटचे भोंगे तू वाजव.

माया कमी करू नकोस.

अल्बी

तारानूक,
ता. २० सप्टेंबर १९५९

चि. अल्बीस आशीर्वाद.

रागात लिहितेय, अक्षर लागलं नाही तर दोन-दोनदा वाच. आपण हरलो. हरलो म्हणजे कसे हरलो ते ऐक, म्हणजे तू काय माणूस माझ्या घरात धाडलंस ते कळेल.

दोन दिवस पाऊस होता. मैदानाचा नुसता राडा झाला होता. सामन्याच्या चार भागांपैकी दुसऱ्यातच माणसं अशी माखली की कोण आपलं, कोण त्यांचं, जवळून बघावं लागत होतं. मी चहाच्या टपरीत होते, स्कोन आणि सॉसेज-रोल सांभाळत. तिला गाडीत बसवलं होतं. शेजारची गाडी किलार्डाच्या कप्तानाच्या बायकोची, ती ट्रेम्बाथ बाई. शेवटच्या भागात आपण तीन गोलांनी पुढे होतो. तीन, अल्बी! म्हातारा रो टपरीला टेकून देवाचं नाव घेत होता आणि त्याच तोंडानं पंचाला शिव्या देत होता.

तेवढ्यात नगेट पॅस्कोचा गुडघा गेला. आमच्या ह्यांनी त्याला बाहेर यायची खूण केली आणि लिंडसेला आत पाठवलं. हे मी टपरीतून पाहिलं. मग गिऱ्हाइकं आली, मी कामाला लागले.

थोड्या वेळानं ही चिखलातून चालत टपरीपाशी आली. चेहरा गंभीर. म्हणाली, "तुमचा एकोणिसावा मैदानात आहे." मी म्हटलं, हो बाई, असणारच, तो त्याचसाठी असतो, महिनाभर तेच सांगतेय. ती म्हणाली, नाही, एकोणिसावा. मी म्हटलं, अगं हो, एकोणिसावा! चालतं ते! जा, गाडीत बस, लोकांना चहा द्यायचाय मला. चार बायका उभ्या होत्या, सगळ्या हसल्या. ती गेली.

पाचेक मिनिटांत बघते तर ट्रेम्बाथ बाई गाडीतून उतरून, हॅट धरून, कुंपणाकडे धावतेय आणि नवऱ्याला हाका मारतेय. आणि किलार्डाचा कप्तान पंचाकडे गेला आणि त्यानं मोजणी मागितली.

मोजणी! बाबा सांगायचे, आपण हसायचो. कप्तानानं मागितली की पंचानं खेळ थांबवायचा, माणसं रांगेत उभी करायची आणि मोजायची. एक जरी जास्त निघाला तर त्या बाजूचे तोवरचे सगळे गुण पुसून टाकायचे. आयुष्यात कुणी पाहिलेली नव्हती. आपली पोरं चिखलात रांगेनं उभी राहिली. नगेट पॅस्को रांगेत, लिंडसेही रांगेत. एकोणीस. पंचानं दोनदा मोजले. मग त्यानं फलकाकडे हात केला आणि फळीवरच्या पोरानं आपले सगळे आकडे काढून तिथे शून्य टांगलं.

एकही भोंगा वाजला नाही. किलार्डावाल्यांनीसुद्धा वाजवला नाही, इतकी ती विचित्र गोष्ट होती. उरलेल्या वेळात आपण दोन गोल केले, त्यानं काय होणार!

आता मला सांग, त्या ट्रेम्बाथ बाईच्या कानात काय कुजबुजायला गेली होती ही? गावाला कळलंय. दुकानात कुणी तिच्याशी बोलत नाही. कुणीतरी आमच्या फाटकाला चिखल फासून गेलं. विचारलं तर म्हणते, मी प्रश्न विचारला. एवढंच. माझी माफी नाही, रडणं नाही, काही नाही. मोजणारी बाई!

तुला सरळ उत्तर हवं होतं ना? तर नाही. बाबांच्या घरात ती नको. तू ये, तुझ्यासाठी दार उघडं आहे.

मर्ल

कूमाजवळचा कॅम्प,
ता. २४ सप्टेंबर १९५९

ती. मर्लताईस सा. न.

पत्र मिळालं. दार एकट्यासाठी उघडं असेल तर ते माझं घर नव्हे.

वेल्टाला तार केली आहे. ती सोमवारच्या गाडीनं निघेल. कॅनडाला होकार कळवायला माझ्याकडे आठवडा आहे, आता थांबण्यासारखं काही उरलं नाही.

तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. तरी एक विचारतो. नगेट पॅस्को आत होता, तो बाहेर का आला नाही? सतरा वर्षं मी हा खेळ खेळलो. जायबंदी माणूस बाहेर येत नसेल तर प्रशिक्षकाला ते दिसतं. चहाच्या टपरीतून दिसलं नाही तरी बाकावरून दिसतं.

भावजींना नमस्कार.

अल्बी

तारानूक,
ता. २९ सप्टेंबर १९५९

चि. अल्बीस तुझ्या ताईचे अनेक आशीर्वाद, हवे असोत वा नसोत.

हे पत्र हातात पडेपर्यंत तू कॅनडाला काही कळवलं असशील तर तार करून मागे घे. आधी हे कर, मग पुढचं वाच.

तुझा तो शेवटचा प्रश्न मी रात्रीच्या जेवणात आमच्या ह्यांच्यापुढे ठेवला. सहज. नगेट बाहेर का आला नाही हो? ह्यांचा चमचा सूपमध्येच फिरत राहिला. मग म्हणाले की त्यानं नकार दिला. अंतिम सामन्यातून मी बाहेर येणार नाही म्हणाला. आणि तुम्ही? तर म्हणतात, लिंडसे तोवर आत गेला होता, त्याला परत बोलावलं तर पोराला वाईट वाटलं असतं. आणि खालच्या आवाजात पुढे म्हणाले, "त्या चिखलात कोण मोजायला बसलंय, असं वाटलं मला."

म्हणजे ह्यांना माहीत होतं. सगळा वेळ. आठवडाभर गाव त्या पोरीच्या नावानं बोटं मोडतंय, फाटकाला चिखल लागलाय, आणि हा माणूस माझ्यासमोर बसून तिच्याच हातचा काळा पाव खातोय आणि छान म्हणतोय. मी काय बोलले ते लिहीत नाही, कागद जळेल. कुत्रा बाहेर पळाला एवढं सांगते.

मग मी तिच्या खोलीत गेले आणि विचारलं, त्या बाईला तू नेमकं काय विचारलंस. आधी सांगेना. मग म्हणाली की तुम्ही म्हणालात, एकोणिसावा चालतो. मला वाटलं, ते चांगलं नाही, पण तुमचा नियम आहे. मग मी त्या बाईला विचारलं की तुमचे अठराच का खेळतात, तुमचा एकोणिसावा तुम्ही का पाठवत नाही, तो बाकावर थंडीत बसलाय.

अल्बी, त्या किलार्डाच्या पोराची हिला दया आली होती! आणि हिला ते कुणी सांगितलं? मी. चार बायकांसमोर, तोऱ्यात. तिनं आकडा सांगितला आणि मी तिला एका माणसाचं नाव ऐकवलं. आपण ते नाव इतकं वापरतो की तो आकडाही असतो हे विसरलो. परक्या माणसाला ते कसं कळावं? आणि मला विचारावंसंही वाटलं नाही, कारण ती बोलते ते खुळंच असणार हे मी आधीच ठरवलं होतं. तिनं मला एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं. हे तिनं गावात कुणाला सांगितलं नाही. मी विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तुम्ही अल्बीच्या बहीण आहात.

शनिवारी सभागृहात संघाचं वर्षअखेरचं जेवण होतं. मी गेले, ह्यांना दंडाला धरून नेलं. ती घरी बॅग भरत होती. नगेट पॅस्को भाषणाला उठला. गुडघ्याला पट्टी, हातात बिअर. म्हणाला की काही घरांत पाहुणे म्हणून साप पाळतात. सगळे हसले. आमचे हे ताटलीत बघत होते.

मी उठले. मी म्हटलं, पाहुणीला तुमची अठरा माणसं मोजता आली, प्रशिक्षकाला आली नाहीत, आणि कप्तानाला आली तरी तो लाज सोडून मैदानात उभा राहिला. मैदानाबाहेर जा म्हटलं की जायचं असतं, हे मेंढीला कळतं. तिला चुकीचं कुणी सांगितलं? मी सांगितलं, टपरीत, ह्या चार बायकांसमोर, आणि ह्या चारही जणी तोंड शिवून बसल्यात. आणि मग मी जे म्हटलं ते आता गावभर झालंय, म्हणून तूही ऐक. "तिला काय बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही कोण?" मग मी माझा केक टेबलावरून उचलला आणि घरी आणला. आमचे हे तिथेच राहिले. रात्री कधीतरी चालत आले. प्रशिक्षकपद सोडून आले असं म्हणतात. सोडायला ते कधी धरलं होतं, कोण जाणे.

हे सगळं करूनही ती थांबेना. तुझी तार आली होती, तिनं तिकीट काढलं होतं. सोमवारी सकाळी मी मेंढ्यांकडे गेले तेवढ्यात ती चालत स्टेशनवर निघून गेली. मी ट्रक काढला. फलाटावर रो बाई, डॉरीन, पोस्टमास्तर, सगळे उभे, आणि ती एका टोकाला बॅगेवर बसलेली. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. मी सरळ गेले आणि बॅगेला हात घातला. तिनं दुसऱ्या बाजूनं धरली. आम्ही दोघी ओढतोय आणि गाव बघतंय. मग ती हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की मी तुम्हाला आवडत नाही.

मी म्हटलं, "नाही आवडत. पण हे भांडण घरचं आहे. ते घरात करू, स्टेशनवर कशाला?"

गाडी आली, उभी राहिली, गेली. मग तिनं विचारलं की कुठल्या घरात. मी म्हटलं, कुरणाच्या टोकाला, पोती मी काढते. त्यावर ती रडली. मला वाटलं होतं तिला रडताच येत नाही. फार वाईट रडते, आवाज करून, मला तिला ट्रकमध्ये बसवून खिडक्या लावाव्या लागल्या. मग मीही रडले, पण तो धुळीमुळे.

आत्ता ती बाबांच्या घरात आहे. पोती बाहेर फेकतेय, आमच्या ह्यांना उचलायला लावतेय, आणि मी इतकी वर्षं लोकर चुकीच्या जागी ठेवली असं मला सांगतेय. मी तिला तो खेळ पुन्हा दाखवणार नाही, आणि ती म्हणते की पुन्हा बघणारही नाही. एवढ्या एका गोष्टीवर आमचं जमलंय.

तू ये. एकटा आलास तर दार उघडणार नाही.

लोभ आहे. तो वाढवायचा की कसं, ते तुम्ही दोघं समोर राहायला लागलात की बघू.

तुझी ताई,
मर्ल